पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईतलं खंदकातून चढाईचं चित्रण खरं आहे का?

नाही, ‘द बॅटल ऑफ द सोम’ या १९१६ च्या ब्रिटिश प्रचारपटातलं, सैनिक खंदकातून वर चढून हल्ल्याला निघतात ते दृश्य मुद्दाम घडवून टिपलेलं आहे. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या अभ्यासकांनी हे दृश्य बारकाईने तपासलंय. आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी त्याचं चित्रीकरण झालं असावं असं मानलं जातं. खुणा आपल्यालाही दिसतात. खंदक फारच उथळ आहे, सैनिकांच्या अंगावर हल्ल्याला निघताना असायचं तेवढं ओझं नाही आणि कॅमेरा अशा उघड्या जागी आहे, की खऱ्या गोळीबारात हाताने हँडल फिरवत तिथे कुणी टिकलाच नसता. पुढच्या तुकड्यात तर गोळी लागून ‘मेलेला’ एक जण पडल्यावर पाय जुळवून नीट घेतो! थांबवून पाहा, लगेच कळेल.

पण म्हणून अख्खा चित्रपट खोटा ठरवू नका, हे मी आवर्जून सांगेन. लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलैच्या सकाळी, हॉथॉर्न रिज या जर्मनांच्या ताब्यातल्या टेकडीखाली उडवलेल्या सुरुंगाचा स्फोट खरा आहे. त्या दिवशी १९,००० हून जास्त ब्रिटिश सैनिक मेले. हल्ल्याआधी खोलगट वाटेत दाटीने बसलेले लँकशायर फ्युसिलियर्स या ब्रिटिश पलटणीचे जवान खरे आहेत. त्यांचे चेहरे नीट बघा; त्यातले कितीतरी जण थोड्याच वेळात मारले गेले किंवा जखमी झाले. जखमींना खंदकातून वाहून नेण्याची दृश्यंही खरीच मानली जातात.