बत्तीस कॅमेऱ्यांच्या कोटेशनवर सही करण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत तुमचे दोन शेड आहेत. एकात प्रेस शॉप (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचा विभाग), दुसऱ्यात फॅब्रिकेशन आणि डिस्पॅच. मागच्या महिन्यात फोर्कलिफ्ट वळताना तिच्या मागच्या भागाचा धक्का एका हेल्परला बसता बसता राहिला. मालकांनी लगेच कोटेशन मागवलं आणि विक्रेत्याने ३२ कॅमेरे, १६ टीबी साठवण, हेल्मेट ओळखणारं एआय सॉफ्टवेअर आणि ऑफिसात मोठी स्क्रीन असं सगळं सुचवलं. इतके कॅमेरे लागतात का, एआय घ्यावं का आणि कामगार आत्तापासूनच कुरकुर करताहेत त्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

बत्तीस लागत नाहीत. सात-आठांनी सुरुवात करा. पण आकड्याच्या आधी मालकांना एक गोष्ट विचारा: हे फूटेज दर आठवड्याला कोण बघणार, आणि त्यात दिसलेली गोष्ट दुरुस्त करायला फिटर आणि पैसा कोण देणार? याचं उत्तर नसेल तर अपघात झाल्यावर तो कसा झाला हे स्पष्ट दिसेल, एवढंच. बुटीबोरी आणि हिंगण्यातल्या बऱ्याच कारखान्यांत मी हेच पाहिलंय. ऑफिसात स्क्रीन चालू असते, समोरच्या खुर्चीवर सिक्युरिटीवाला बसलेला असतो आणि तो गेटवरच्या गाड्या बघत असतो. त्याचाही दोष नाही. सोळा चौकोनांकडे टक लावून बसलेल्या माणसाचं लक्ष पंधरा-वीस मिनिटांत उडतंच.

आधी प्रेस शॉपबद्दल बोलतो, कारण तिथे कॅमेऱ्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते. मिनिटाला साठ स्ट्रोक मारणारी प्रेस म्हणजे सेकंदाला एक स्ट्रोक. सॉफ्टवेअरने हात डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, गेल्याचं ओळखून, भोंगा वाजवून, ऑपरेटरने तो ऐकून हात मागे घेईपर्यंत काम झालेलं असतं. तिथे गार्डच पाहिजे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ मध्ये मशीनच्या धोकादायक भागांना कुंपण घालणं सांगितलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी जबाबदारी मालकाचीच आहे. कॅमेरा लावला म्हणून ती सुटत नाही.

इथे आणखी एक खाच आहे. कोणी म्हणेल, लाइट कर्टन लावा, म्हणजे हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. तुमच्या प्रेस फ्रिक्शन क्लचच्या (क्लच म्हणजे मोटरची ताकद रॅमला, वर-खाली होणाऱ्या भागाला, जोडणारा भाग) असतील तर जरूर लावा, कारण त्या अर्ध्या स्ट्रोकमध्ये थांबतात. पण एमआयडीसीतल्या जुन्या सी-फ्रेम प्रेस बहुतेक पिन किंवा की क्लचच्या असतात. क्लच एकदा पकडला की रॅम पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबत नाही. त्यांच्यावर लाइट कर्टन म्हणजे नुसती शोभा. तिथे फिक्स गार्ड, इंटरलॉक असलेलं (बंद नसेल तर स्ट्रोक सुटू न देणारं) दार, किंवा जॉब (दाबायचा पत्रा) बाहेरून सरकवता येईल असा डाय, म्हणजे हात आत जायची गरजच उरायला नको. विक्रेत्याला क्लचचा प्रकार विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही, तर प्रेस शॉपबद्दलचा त्याचा सल्ला ऐकू नका.

मग प्रेसवर कॅमेरा लावायचाच नाही का? लावा, पण ऑपरेटरच्या चेहऱ्यावर नको. वरून, हात आणि डाय दिसतील असा. मी पाहिलेल्या एका युनिटमध्ये, हात डायबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटनांपैकी एक तारेने बांधून ठेवलेलं असायचं. प्रत्येक पाळीत सुपरवायझर ओरडायचा, दुसऱ्या पाळीत तार परत. फूटेज सलग बघितल्यावर कारण कळलं. डावं बटन इतकं उंच होतं की बुटक्या माणसाला दर स्ट्रोकला खांदा उचलावा लागायचा, आणि जेवणानंतर तो हात खाली पडायचाच. फिटरने बटनाचा स्टँड खाली घेतला, उंची बदलता येईल असा केला, आणि बटनाच्या सर्किटमध्ये असा बदल करवून घेतला की दोन्ही बटनं सोडून परत दाबल्याशिवाय पुढचा स्ट्रोक सुटणार नाही. तारेचा उपयोगच संपला. ओरडून हे झालं नसतं, आणि नोटीस चिकटवून तर नाहीच.

आता तुमचा खरा प्रश्न, फोर्कलिफ्ट. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणून वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. शेजारी उभ्या माणसाला वाटतं गाडी लांब चाललीय, आणि तेवढ्यात काउंटरवेट, म्हणजे गाडीच्या मागचं तोलाचं वजन, त्याच्याकडे येतं. तुमच्या हेल्परचं बहुधा हेच झालं असावं. अशा ठिकाणी व्हिडिओ खरोखर कामाचा आहे, कारण माणूस तिथून का जातो हे तोंडी विचारून कळत नाही. कुठल्याही कामगाराला विचारा, 'फोर्कलिफ्टच्या रस्त्यातून जातो का?' 'नाही साहेब.' फूटेज काही वेगळंच सांगतं.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात आम्ही मे महिन्यातलं दुपारचं फूटेज बघत होतो. गाडीचा रस्ता पिवळ्या पट्ट्यांनी आखलेला, बोर्ड लावलेले, तरी माणसं दर थोड्या वेळाने पट्टा ओलांडून पलीकडे जात होती. जानेवारीच्या फूटेजमध्ये हे जवळपास नव्हतं. कारण साधं होतं. पाण्याचा कूलर पलीकडच्या भिंतीला होता. नागपूरच्या मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याच्या शेडखाली माणूस पाणी पिणारच, आणि पाण्याला जाताना पट्टा ओलांडणारच. कूलर अलीकडे आणला, नळाची लाइन वाढवली, आणि रेलिंग टाकून एकच ओलांडायची जागा ठेवली. या कामात कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा प्लंबरचाच खर्च जास्त आला असेल. असाच विचार तुमच्या दोन शेडमधल्या जाण्या-येण्याचा करा: कँटीन कुठे, बाथरूम कुठे, पंचिंग मशीन कुठे. पाळी बदलताना सगळे एकाच वेळी त्याच गल्लीतून निघतात आणि डिस्पॅचची गाडी त्याच वेळी भरायची असते. ही गर्दी वेळ बदलून सोडवता येते.

फूटेज बघण्याची पद्धत आम्ही अशी ठेवतो: आठवड्यातून एकदा अर्धा तास, सुपरवायझर, मेंटेनन्सचा फिटर आणि कामगारांपैकी एक जण. तिसरा माणूस हवाच, कारण 'तो असं का करतोय' याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतं. सगळं बघायचं नाही. पाळी बदलण्याची वीस मिनिटं, जेवणाआधीचा तास आणि महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गर्दीचा एखादा तुकडा पुरतो. एका वहीत काय दिसलं, का झालं असेल, कोण काय दुरुस्त करणार आणि कधीपर्यंत, एवढंच लिहायचं. माणसाचं नाव नाही. थोडक्यात हुकलेला प्रसंग कोणी सांगितला तर तो तुकडा त्याच दिवशी वेगळा काढून ठेवा, कारण डिस्क भरली की जुनं पुसलं जातं.

आता कोटेशनचा हिशोब बघा. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. असे ३२ कॅमेरे म्हणजे दिवसाला जवळपास १.४ टीबी. तुमच्या १६ टीबीत सगळं मिळून साडेअकरा दिवसांचंच फूटेज राहील. विक्रेता तीस दिवस म्हणत असेल तर तो एकतर दर्जा खाली आणतोय, किंवा फक्त हालचाल झाली की रेकॉर्डिंग करतोय. आठ कॅमेरे त्याच दर्जाचे तीस दिवस ठेवले तर साधारण साडेदहा टीबी लागतात, म्हणजे हीच डिस्क निवांत पुरते.

स्पष्टपणाचंही तसंच आहे. या क्षेत्रात रूढ मोजमाप असं की माणूस आहे एवढंच कळायला चित्रात दर मीटरला २५ पिक्सेल पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची खात्री पटवायला २५०. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. म्हणजे १२५ च्या हिशोबाने तो पंधरा मीटर रुंदी झाकतो, त्याहून जास्त नाही. शेडच्या कोपऱ्यात एक लावून 'पूर्ण शेड दिसतो' असं सांगतात, तेव्हा माणसं मुंगीएवढी दिसतात आणि हातात मोजे आहेत की नाहीत ते कळत नाही.

शेडच्या काही अडचणी आपल्या भागाच्या आहेत. पत्र्याच्या अगदी खाली कॅमेरा लावू नका, मेमध्ये तिथलं तापमान कॅमेऱ्याच्या मर्यादेच्या पलीकडे जातं. खाली ब्रॅकेट सोडा. शटरसमोरच्या कॅमेऱ्याला बाहेरचं ऊन आणि आतला अंधार दोन्ही झेपले पाहिजेत, नाहीतर फोर्कलिफ्ट नुसती काळी सावली दिसते. ग्राइंडिंगच्या धुळीत रात्री इन्फ्रारेड दिव्यांनी पडद्यावर पांढरं धुकं येतं. तिथे साधा एलईडी दिवा लावून उजेड वाढवणं बरं, कामगारालाही तेवढाच फायदा. नेटवर्कची तार शंभर मीटरपेक्षा लांब नको. आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक उसळीपासून बचाव) विसरू नका. विदर्भातली पावसाळ्याआधीची वीज कडाडली की रेकॉर्डर आणि स्विच दोन्ही जातात.

पेंट बूथ आणि थिनरच्या खोलीत साधा कॅमेरा लावायचा नाही. तिथे ज्वालारोधक आवरणाचाच, मान्यतेचा कागद असलेला. या विषयातली देशाची संस्था, पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, त्यामुळे नागपूरच्या माणसाने तरी 'माहीत नव्हतं' म्हणू नये. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. अशा उद्योगांत व्हिडिओचा सगळ्यात चांगला उपयोग वेगळाच असतो. धोक्याच्या प्रक्रियेजवळ माणूस ठेवायचाच नाही, भिंतीपलीकडून पडद्यावर बघून मशीन चालवायचं. कोळशाच्या कन्व्हेयरवर चूट (कोळसा खाली सोडणारा उतरता मार्ग) जाम झाला का हे बघायला माणसाला वर चढवण्यापेक्षा तिथे कॅमेरा बरा, तेही याच कारणाने. तुमच्याकडे अशी एखादी जागा आहे का बघा: ओव्हरहेड क्रेनचा हुक, भट्टीचं तोंड, खड्ड्यातला पंप. माणसाची एक फेरी वाचवणारा कॅमेरा मी नेहमी पहिला लावतो.

एआय पूर्ण टाकाऊ नाही. पण हेल्मेट ओळखण्यासाठी घेऊ नका. हेल्मेट आहे की नाही हे सुपरवायझरला चालता चालता दिसतं. वर आपल्याकडे उन्हाळ्यात निम्मी माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून त्यावर हेल्मेट घालतात आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. चुकीचे भोंगे चार दिवस वाजले की पाचव्या दिवशी कोणीतरी आवाज बंद करतो, आणि मग खरा भोंगाही गेला. काही घ्यायचंच असेल तर फोर्कलिफ्टच्या रस्त्यात माणूस शिरला की त्या वळणावर दिवा लागेल, एवढं एकच काम द्या. तेही आधी तुमच्या शेडमध्ये, दुपारच्या उन्हात आणि रात्रपाळीत चालवून बघून. किती वेळा उगाच वाजलं आणि किती वेळा वाजायला हवं असून गप्प राहिलं, दोन्ही मोजा. विक्रेता पहिलाच आकडा सांगतो.

राहिली कामगारांची कुरकुर. एका फिटरने मला तोंडावर विचारलं होतं, 'सायेब, हे मशीनसाठी हाय का आमच्यासाठी?' प्रश्न योग्य होता, आणि उत्तर वागण्यातून द्यावं लागतं. फूटेजवरून पहिला दंड कापला त्या दिवसापासून 'आज वाचलो' असं सांगायला कोणी येत नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करून काम करायला लागतात, आणि तुम्हाला हवी असलेली सगळी माहिती तिथेच बंद होते. म्हणून मालकांकडून लेखी घ्या: हे फूटेज हजेरी, उशीर, मोबाइल, बिडी यासाठी वापरलं जाणार नाही. चोरी किंवा मारामारी झाली तर काय, तेही त्यातच लिहा, नाहीतर नंतर वाद होतो. कपडे बदलायची खोली, बाथरूम आणि कँटीन यांत कॅमेरा नाही. कॅमेरा कुठे आहे, कशासाठी आहे, फूटेज किती दिवस राहतं आणि कोण बघतं, याचा मराठी आणि हिंदी बोर्ड लावा. ठेकेदाराच्या माणसांनाही ते समजावून सांगा. छत्तीसगड-मध्य प्रदेशातून आलेली पोरं सगळ्यात धोक्याचं काम करतात, आणि बैठकीला त्यांना कोणी बोलवत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, फूटेजमधला ओळखता येणारा माणूस म्हणजे त्याचा वैयक्तिक डेटाच. फूटेजचा पासवर्ड सिक्युरिटी एजन्सीच्या प्रत्येक माणसाकडे असणं तसंही बरोबर नाही.

तुमच्या प्रेस कोणत्या क्लचच्या आहेत आणि दोन शेडमधल्या गल्लीची रुंदी किती, एवढं कळवा. कूलर आणि पंचिंग मशीनच्या जागा दाखवणारं हाताने काढलेलं चित्र टाकलंत तरी चालेल, त्यावर सात-आठ कॅमेऱ्यांच्या जागा मार्क करून देतो. तोवर मालकांना सही थांबवायला सांगा.