वाचक विचारतात : आमचं म्हणणं मालिकावाल्यांच्या कानावर जातं कसं?

टीव्ही मालिका आणि मराठी सिनेमा या विषयावर प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : बघतो आम्ही, पैसे भरतो आम्ही, आणि आम्हाला कुणी विचारत नाही. प्रेक्षकाचं मत मोजण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या सोडून इतरत्र कितीही बोललं तरी बनवणाऱ्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. म्हणून या जागा कुठल्या आणि तिथे काय घडतं, हे ज्यातून सांगता येईल असे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या घरी रोज रात्री चार मालिका लागतात. आजवर एकदाही कुणी विचारायला आलं नाही. मग हा टीआरपी काढतात तरी कुणाच्या घरी? (एक वाचक, मिरज)

हे मोजमाप २०१५ पासून बार्क ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली आहे. देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी, आणि काय बघितलं जातं ते नोंदवणारा मीटर बसवलेली घरं सुमारे ५८ हजार. चार हजार घरांमागे एक मीटर, असं साधारण प्रमाण पडतं. त्यामुळे तुमच्या ओळखीपाळखीत एकाकडेही मीटर नसेल तर त्यात नवल नाही.

घरं निवडताना राज्य, शहर की गाव आणि आर्थिक गट बघतात. गट ठरवायला उत्पन्न विचारत नाहीत, कारण ते खरं सांगितलं जात नाही. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत, यावरून गट पडतो.

मीटर चालतो तो आवाजावर. प्रत्येक वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळते. टीव्हीजवळचं यंत्र ती खूण ओळखून कुठली वाहिनी किती वाजता किती वेळ चालू होती, ते नोंदवतं. खोलीत कोण बसलंय हे मात्र यंत्राला कळत नाही. त्यासाठी वेगळा रिमोट असतो आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर एक बटण दिलेलं असतं. बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. चूक होते ती इथेच. आजी उठून देवापुढे दिवा लावायला गेल्या आणि बटण तसंच राहिलं, तर त्या मालिका बघतच आहेत असं यंत्र धरून चालतं. विचित्र दिसणाऱ्या नोंदी नंतर गाळल्या जातात, पण अशा लहानसहान चुका आत राहतातच.

आता आकडा. समजा शंभर माणसांपैकी वीस जणांनी अर्ध्या तासाचा भाग पूर्ण पाहिला. रेटिंग आलं २०. चाळीस जणांनी पंधरा-पंधरा मिनिटं पाहून चॅनल बदललं, तरी रेटिंग २०च. म्हणजे किती जण आले याला जेवढं वजन, तेवढंच ते किती वेळ टिकले याला. आणि आवडलं की नाही हे या आकड्यात कुठेच नाही. नावं ठेवत पाहिलेली मालिका आणि जीव लावून पाहिलेली मालिका मीटरला सारखीच. एखादी मालिका खरंच नकोशी झाली असेल, तर ती लावून ठेवून तिच्यावर बोलत बसू नका. त्या वेळेला दुसरं काहीतरी लावा.

मीटर कुणाकडे आहे हे गुप्त ठेवतात, आणि ते गुप्तच राहायला हवं. घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला सांगितल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०२० मध्ये मोठं प्रकरण झालं. त्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आपल्या घरी मीटर असेल आणि कुणी अमुक चॅनल लावा म्हणून पैसे किंवा भेटवस्तू देऊ करत असेल, तर सरळ नकार द्या आणि बार्कला कळवा.

प्रश्न : आम्ही बेळगावचे. मुलगा मस्कतला असतो, तो मोबाइलवर बघतो. आमचं बघणं धरतात का? (एक वाचक, बेळगाव)

मराठी वाहिन्या ज्या आकड्यावर भांडतात तो ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजाराचा असतो. बेळगावचं घर कर्नाटकात मोजलं जातं, इंदूरचं मध्य प्रदेशात, बडोद्याचं गुजरातमध्ये. या घरांचं मराठी बघणं राष्ट्रीय आकड्यात येतं, पण मालिका ठेवायची की काढायची हे ठरवताना त्याला फार कमी किंमत असते. सीमाभागातल्या इतक्या निष्ठावान प्रेक्षकाच्या वाट्याला हे यावं, याचं आम्हालाही वाईट वाटतं.

मोबाइलवरचं बघणं टीआरपीत येत नाही. त्याची नोंद त्या ॲपकडे होते : कुठल्या मिनिटाला बंद केलं, कुठला प्रसंग पुढे ढकलला, पुढचा भाग लगेच लावला की नाही. परदेशातल्या प्रेक्षकाचं मत नोंदवायचं असेल तर अधिकृत ॲपवरच बघायला हवं. कुणीतरी उचलून टाकलेल्या तुकड्यांवर बघितलं तर ते कुणाच्याच खात्यात जमा होत नाही.

प्रश्न : एका थपडेवर आख्खा भाग कसा काय निघतो? आणि आम्ही इतकं ओरडूनही गोष्ट बदलत का नाही? (एक वाचक, सिन्नर)

नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती चालतात : १० मिनिटं व्यापारी आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणून अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २४ मिनिटं उरतात. त्यातून ‘मागील भागात’, शीर्षक आणि शेवटचा ‘पुढील भागात’ काढा. उरलेल्याचे तीन-चार तुकडे पडतात, आणि ब्रेकनंतर तुम्ही परत यावं म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी हुक, म्हणजे उत्सुकता ताणणारा क्षण लागतो.

हे आठवड्याला सहा, कधी सात दिवस करायचं. आठवड्याचा वन-लाइनर (गोष्टीचा थोडक्यात आराखडा), मग पटकथा, मग संवाद, मग वाहिनीची मंजुरी, शूटिंग, संकलन, पार्श्वसंगीत, वाहिनीची तपासणी. शूटिंगच्या एका दिवसात जवळपास एक भाग निघालाच पाहिजे.

आता ती थप्पड बघा. दिवाणखान्यात आठ माणसं उभी आहेत. थप्पड बसली, की एकेकाच्या चेहऱ्यावर चार सेकंद. आठ चोक बत्तीस सेकंद. तोच क्षण तिन्ही बाजूंनी पुन्हा दाखवला की दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ भरला, आणि लेखकाला एक ओळही लिहावी लागली नाही. संवाद पाठ करायला नकोत, आठही कलाकार एकाच वेळी सेटवर असायला नकोत. ज्याला दुपारी नाटकाच्या प्रयोगाला निघायचंय, त्याचे क्लोजअप सकाळीच उरकून घेतात. समोरच्याचे संध्याकाळी होतात, तेव्हा पाठमोरा खांदा दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. एका शॉटमध्ये पदर खोचलेला आणि पुढच्यात सुटलेला दिसतो, कप डाव्या हातातून उजव्या हातात जातो, तो याच कारणाने. कंटिन्यूइटीचे, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये काय कसं होतं ते लक्षात ठेवायचे फोटो काढलेले असतात, पण घाईत ते बघायचं राहून जातं.

पात्रं जे दिसतंय तेच तोंडाने का बोलतात, असंही तुम्ही विचारलंय. संध्याकाळी सात-आठ वाजता बऱ्याच घरांत मालिका स्वयंपाकघरातून ऐकली जाते. पोळ्या लाटणाऱ्या बाईला पडदा न बघता गोष्ट कळावी, म्हणून ‘अगं, हे तर आईंचं मंगळसूत्र!’ असं बोलून दाखवतात. ही सोय समजण्यासारखी आहे. पण त्या सोयीच्या नावाखाली आळशी लिखाण खपवलं जातं, आणि त्याबद्दलची तुमची चीड रास्त आहे.

गोष्ट लगेच का बदलत नाही, याचं उत्तर वेळापत्रकात आहे. रेटिंगचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि आकडे येतात पुढच्या गुरुवारी. आकडा पडलेला दिसला की वाहिनीची माणसं आणि लेखक बसतात. तोपर्यंत पाच-सहा भागांची बँक, म्हणजे आगाऊ साठा, चित्रित होऊन पडलेली असते, त्याच्या पुढचे काही भाग लिहून मंजूर झालेले असतात. म्हणून तुम्ही आज चॅनल बदललंत तर त्याचा परिणाम पडद्यावर दिसायला दोन-तीन आठवडे जातात. बँक संपलेली असेल तर बदल लवकर दिसतो, पण तेव्हा सकाळी चित्रित केलेलं रात्री दाखवायची वेळ आलेली असते आणि दर्जा आणखी घसरतो. अचानक अपघात, स्मृती जाणं, हरवलेली जुळी बहीण परत येणं, हे बहुधा अशाच आठवड्यांत घडतं.

प्रश्न : एका मालिकेत लहान मुलाला जाळण्याची धमकी देतानाचा प्रसंग फार अंगावर येणारा होता. समाजमाध्यमावर लिहिलं, काहीच झालं नाही. तक्रार करायची कुठे? (एक वाचक, डोंबिवली)

कॉमेंट ही तक्रार धरली जात नाही. त्यासाठी २०२१ च्या केबल टीव्ही नियमांत तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत.

पहिली पायरी वाहिनी. प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार पोचल्याची पावती २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. समाधान झालं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करायचं. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून बीसीसीसी ही तक्रारी ऐकणारी परिषद आहे. या पायरीला ६० दिवसांची मुदत आहे. त्यानंतरही पटलं नाही, तर १५ दिवसांत केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे जाता येतं.

तक्रार बाद होते ती बहुतेक वेळा मोघमपणामुळे. ‘हल्लीच्या मालिका भयानक झाल्या आहेत’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. वाहिनीचं नाव, मालिका, तारीख, प्रक्षेपणाची वेळ, प्रसंग नेमका काय होता ते दोन-तीन ओळींत, आणि त्यात आक्षेपार्ह काय ते लिहा. ‘रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी, अमुक पात्र सहा-सात वर्षांच्या मुलासमोर रॉकेल ओतते’ इतकं ठोस. पुनःप्रक्षेपण पाहिलं असेल तर तसं लिहा, नाहीतर वेळ जुळत नाही. पडद्याचा फोटो जोडा. पावतीचा क्रमांक जपून ठेवा, अपिलाला तो लागतो.

गोष्ट कंटाळवाणी आहे, नायिका बदलली ते आवडलं नाही, या गोष्टी या तक्रारीत बसत नाहीत. त्या जरूर कळवा, पण वाहिनीच्या अभिप्रायाच्या पत्त्यावर.

प्रश्न : सिनेमाच्या प्रमाणपत्रावर यूए १६+ लिहिलेलं असलं तर बारा वर्षांच्या मुलाला थिएटरात अडवतात का? (एक वाचक, फोंडा)

नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीने यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग पाडले. ही खूण पालकांसाठी आहे, मुलाला न्यायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर मात्र अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, पालक बरोबर असले तरी.

प्रश्न : मराठी सिनेमा बघायचा म्हटलं तर एकच शो, तोही दुपारी सव्वाबाराचा. नोकरी करणाऱ्यानं कसं जायचं? (एक वाचक, चिंचवड)

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइमचा शो सक्तीचा केला. आधी वेळ जाहीर झाली संध्याकाळी ६ ते ९. वाद झाल्यावर ती दुपारी १२ ते रात्री ९ अशी झाली. त्यामुळे कामाच्या दिवशी सव्वाबाराला लावलेला शोसुद्धा नियमात बसतो. या नियमाची धार तिथेच गेली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाकी शो ठरतात ते तिकिटांवर. शुक्रवारचे शो त्याच आठवड्यात, सोमवार ते बुधवारच्या दरम्यान वितरक आणि मल्टिप्लेक्सची माणसं ठरवतात. आगाऊ नोंदणी बघतात, मग शुक्रवार ते रविवारचा भरणा, मग सोमवार. सोमवारी शुक्रवारइतकी माणसं आली तर दुसऱ्या आठवड्यात शो टिकतात. घसरण झाली तर संध्याकाळचा शो पहिला जातो. ‘पुढच्या आठवड्यात निवांत बघू’ म्हणणाऱ्याला सिनेमा सापडत नाही, तो यामुळे.

पैशाचं गणितही तसंच आहे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला वाद मिटला तेव्हा कर वजा जाता निर्मात्याकडच्या बाजूचा वाटा ठरला : पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. मराठीत प्रत्येक सिनेमाचा व्यवहार वेगळा असू शकतो, पण वाटा आठवड्यागणिक उतरत जातो. एखाद्या दिग्दर्शकाने आणखी सिनेमे करावेत असं मनापासून वाटत असेल, तर त्याच्या सिनेमाला पहिल्या तीन दिवसांत जा आणि तिकीट गुरुवारीच काढा.

सोयीचा शो नसेल तर तो मागताही येतो. सोसायटी, महिला मंडळ किंवा ऑफिसातली माणसं मिळून पन्नास-साठ जण होत असतील, तर आठ-दहा दिवस आधी थिएटरच्या व्यवस्थापकाला ग्रुप बुकिंगबद्दल विचारा. किमान किती तिकिटं घ्यावी लागतील, पैसे कधी भरायचे आणि शो रद्द झाला तर परत मिळतात का, या तीन गोष्टी लेखी घ्या. शनिवार-रविवारची संध्याकाळ मागू नका, ती मिळत नाही. मंगळवार ते गुरुवारची सातची वेळ मागा. त्या दिवसांत पडदे रिकामे असतात, त्यामुळे व्यवस्थापक सहसा तयार होतो. माणसं भरपूर असतील तर सिनेमाच्या निर्मात्यालाही आधी कळवा. शो शहरातच असेल तर कलाकार भेटायला येण्याची शक्यता असते, आणि तिकडून शब्द गेला की थिएटरवालाही लवकर हलतो.