दमवू नका, जोर लावू द्या

"मॅडम, हा हायपर आहे का हो?" तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईवडील आले की पहिल्या पाच-दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. बाहेर जाता आलं नाही की मूल घर डोक्यावर घेतं, खालच्या मजल्यावरून तक्रार येते, शेवटी हातात मोबाइल दिला जातो आणि घर शांत होतं. मग रात्रभर त्या मोबाइलची टोचणी. इतक्या घरांतून हेच ऐकलंय की त्यातलं एक घर इथे सांगतेच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा साडेचार वर्षांचा. आईनं त्याला दमवायचं ठरवलं होतं. हॉल ते बेडरूम, बेडरूम ते हॉल, पळ. "दमतच नाही हो. उलट जास्त चेकाळतो आणि झोपायला उशीर."

"तुम्ही पळवत नसता तेव्हा आपणहून काय करतो?"

"सोफ्यावरून उड्या. खुर्च्या ओढतो, फरशीला चरे पडलेत. मी ओट्याशी उभी असले की मागून डोकं लावून ढकलतो मला."

"उड्या, ओढणं, ढकलणं. यात पळणं कुठे आलं?"

त्या गप्प झाल्या. मी म्हटलं, "त्याला पळायचं नाहीये. जोर लावायचाय."

लहान मुलाला आपलं शरीर कुठवर आहे, किती ताकदीचं आहे, हे स्नायूंवर आणि सांध्यांवर ताण आला की कळतं. ते कळलं की बरीच मुलं आपोआप निवळतात. नुसत्या पळापळीत, त्यातही मोठे मागून ओरडत असताना, ती फक्त तापत जातात. मी पुस्तकापेक्षा शरीरावर जास्त विश्वास ठेवणारी आहे, हे कबूल. पण तो विश्वास मुलांनीच मला दिलाय.

पहिला खेळ अगदी साधा दिला. कपड्यांच्या टोपलीत जाडजूड पुस्तकं भरायची आणि त्यानं ती ढकलत या खोलीतून त्या खोलीत 'माल' पोचवायचा. खाली जुनी चादर, म्हणजे फरशीही वाचते.

"मॅडम, हे तर काम झालं. खेळ कुठे?"

"त्याला विचारून बघा."

पुढच्या भेटीला तो ट्रकचालक होऊनच आला. हॉर्नसकट. आई मात्र अजून समाधानी नव्हती. "जोर लावतो, पण थांब म्हटलं की थांबत नाही. याला थांबताच येत नाही."

मी एक प्लॅस्टिकचा पेला काठोकाठ पाण्यानं भरला, जमिनीवर चिकटपट्टीची लांब रेघ मारली आणि त्याला म्हटलं, "यात औषध आहे. रेघेवरून पलीकडे न्यायचंय. मी टाळी वाजवली की राक्षस जागा झाला, तेव्हा पुतळा व्हायचं."

तो निघाला. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, डोळे पेल्यावर. मी टाळी वाजवली. एक पाय अर्धवट उचललेला, तसाच थांबला. आई पुटपुटली, "अहो, हा एवढा हळू..." त्यानं मान न वळवता तिला दटावलं, "आई, बोलू नकोस, सांडेल!"

'याला थांबताच येत नाही' हे वाक्य त्या खोलीत पुन्हा आलं नाही. मला सांगावंच लागलं नाही, याचा थोडा अभिमान आजही आहे.

लेव व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मधल्या खेळावरच्या व्याख्यानात हेच मांडलं होतं: मुलाचा स्वतःवरचा सर्वाधिक ताबा दिसतो तो खेळात. आपण "शांत बस" म्हणतो तेव्हा तो आपला हुकूम असतो. राक्षस जागा होतो तेव्हा थांबणं ही त्याची स्वतःची गरज होते.

त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. आधी जोराचे खेळ: उशांचा डोंगर रचून त्यावर चढणं, जाड चादरीवर बाहुल्या बसवून ओढणं, पलंगाच्या गादीला पाठ लावून ती 'पडू न देणं'. मग नेमाचे: मोज्यांचे गोळे बादलीत टाकायचे, पण टाळी वाजली की हात वर. शेवटी सावकाशीचे: डोक्यावर पुस्तक ठेवून चालणं, खुर्च्यांमध्ये बांधलेल्या दोऱ्यांखालून त्यांना न लागता सरपटणं. हा शेवटचा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मग म्हणतात, खेळूनही शांत होत नाही. खेळणी विकत आणायच्या मोहात पडू नका, बादली पुरते.

पाय अनवाणी हवेत, मोजे घालून फरशीवर घसरतात. टेबलाचे कोपरे दूर करा. पाणी सांडलं की लगेच पुसा. दोरी खेळ संपताच उचलून ठेवा. फुगा खेळायला छान, पण फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, तो ताबडतोब उचला.

"एवढं सगळं रोज?" असं त्या आईनं विचारलंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सुचवली आहे, त्यातली ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी. बसून स्क्रीन बघणं एका तासाच्या आत. आकडा मोठा वाटतो, पण वाळलेले कपडे टोपलीतून कपाटापर्यंत ढकलत नेणंही त्यात मोजा.

आणि 'हायपर' आहे का? आवडत्या खेळातही मूल क्षणभर टिकत नसेल, शाळेत आणि घरी दोन्हीकडे हेच चित्र महिनोन् महिने असेल, सतत स्वतःला इजा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. निदान त्यांना करू द्या, शेजाऱ्यांना नको.