पॉप-अप उठत नाहीत आणि लॉनमध्ये पिवळे पट्टे: हेड बदलायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशकात पाथर्डी फाट्याला रो-हाउस, पुढे 40 बाय 15 फुटांचं लॉन, बिल्डरने सहा पॉप-अप (पाणी सोडलं की जमिनीतून वर उठणारे स्प्रिंकलरचे हेड) बसवून दिलेत आणि ते गच्चीवरच्या टाकीला जोडलेत, निम्मे धड वर येत नाहीत, मधे पिवळे पट्टे पडलेत. सर्व्हिसवाला म्हणतो सगळे हेड बदला आणि वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या, माळी म्हणतो रोज पाणी मारा, आणि अमेरिकेतला मुलगा म्हणतो थंडीच्या आधी पाइपात हवा मारून पाणी काढून घे. तिघंही आपापल्या जागी बोलतायत, पण तुमचा रोग तिघांनीही बघितलेला नाही असं मला वाटतं.

मी आधी दिंडोरी-पिंपळगाव साइडला द्राक्षबागांची ड्रिपची कामं करायचो, गेली बरीच वर्षं बंगल्यांच्या बागा करतो. (नाशकात ‘लॉन्सचं काम करतो’ म्हटलं की लोक लग्नाच्या तारखा विचारतात, औरंगाबाद रोडवरच्या मंगल कार्यालयवाल्यांनी तो शब्दच पळवलाय.) आणि सांगायला लाज नाही, मी स्वतःच्या घरी पहिल्यांदा पॉप-अप लावले ते गच्चीच्या टाकीवरच लावले होते. बटण दाबलं, सगळं घर बघायला अंगणात उभं, आणि हेड असे वर आले जसं रविवारी सकाळी पोरगं उठतं, अर्धं उठून परत खाली. बायको म्हणाली झारी बरी होती.

हिशोब सोपा आहे. पाण्याच्या दर 2.31 फूट उंचीला 1 पीएसआय (प्रेशर मोजायचं माप) प्रेशर मिळतं. एक मजल्याच्या घरावर टाकी जमिनीपासून 25-27 फुटांवर असते, म्हणजे फार तर 12 पीएसआय, त्यातलं थोडं बारीक पाइपात आणि एल्बोत जातं. साध्या स्प्रे पॉप-अपला नोझलपाशी, म्हणजे पाणी फेकणाऱ्या तोंडाशी, 30 च्या आसपास पाहिजे, 15 च्या खाली तर त्याच्या आतली स्प्रिंगच जिंकते. तेव्हा हेड कुठल्याही कंपनीचे आणा, गच्चीच्या टाकीवर ते असेच वागणार. पैसे हेडवर घालू नका, पंपावर घाला. खालच्या संपमधून (जमिनीतल्या टाकीतून) एक एचपीचा पंप, पुढे फिल्टर, मग लाइन. एक मात्र करू नका, महापालिकेच्या नळाला डायरेक्ट मोटर लावून पाणी खेचायचं, ते बेकायदा आहे आणि शेजाऱ्याचं पाणी तोडलं जातं ते वेगळंच.

आता पट्ट्यांचं. सहा हेड 40 फुटांत बसवले म्हणजे एका बाजूला तीन, दोन कोपऱ्यांत आणि एक मधे, मधलं अंतर 20 फूट. तुमच्या नोझलची फेक बहुतेक 15 फूट, ती पण पूर्ण प्रेशर असेल तर. स्प्रिंकलरचा नियम असा की एका हेडचं पाणी दुसऱ्या हेडच्या पायथ्यापर्यंत पोचलं पाहिजे, नुसतं एकमेकांना टेकून चालत नाही, कारण फेकीच्या टोकाला पाणी फार विरळ पडतं. लोकांना वाटतं एवढं ओव्हरलॅप म्हणजे पाण्याची नासाडी, पण उलट आहे, ओव्हरलॅप नसेल तर मधला पट्टा जगवायला तुम्ही वेळ वाढवता आणि कोपऱ्यात चिखल होतो. तुम्हाला एका बाजूला चार, म्हणजे एकूण आठ हेड पाहिजेत, साधारण 13 फुटांवर एक, कोपऱ्यात पाव गोलाचं नोझल आणि कडेला अर्ध्या गोलाचं. चालू हेडच वापरा, मधले दोन सरकवा आणि दोनच नवीन घ्या. सर्व्हिसवाल्याला हे सांगा आणि त्याचं तोंड बघा.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या, कारण प्रत्येक पिवळेपणा पाण्याचा नसतो. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने लांब स्क्रूड्रायव्हर हिरव्या जागी खुपसा आणि पिवळ्या जागी खुपसा. दोन्हीकडे चार इंच सहज गेला तर पाणी पोचतंय, कारण दुसरं आहे. पिवळ्या जागी अडकला तर एक तर कोरडं आहे किंवा खाली डबर आहे. हसू नका, नवीन बांधकामात लॉनखाली विटांचे तुकडे, प्लॅस्टरचे गोळे, सिमेंटच्या फाटक्या गोण्या सगळं निघतं, वर चार इंच लाल माती टाकली की झालं गार्डन. तिथे हाताने पिवळा चौकोन उकरून काढायचा, भराव काढून माती आणि कुजलेलं शेणखत भरायचं, कडेचीच गवताची चकती लावायची. आणि हे पिवळं जुलै ते ऑक्टोबरमध्ये आलं आणि गवत ओढल्यावर गोधडीसारखं उचललं गेलं तर खाली हुमणी अळी बघा, पांढरी, डोकं तपकिरी, इंग्रजी सी सारखी वळलेली. पहिल्या पावसाला तिचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर येतात, अंडी जमिनीत घालतात आणि अळ्या मुळं खातात. मैना लॉनमध्ये सारख्या चोची मारायला लागल्या की मी तर पहिलं तेच तपासतो. चौरस फुटात एक-दोन अळ्या सापडल्या तर घाबरू नका, पाच-सहा निघाल्या तर मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) मिळतं ते ओल असताना मुळाशी द्या.

आणखी एक प्रकार म्हणजे सगळीकडेच फिक्कं, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधे पिवळं. आपल्याकडे चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी, त्यात लोह असून झाडाला मिळत नाही. द्राक्षवाल्यांना विचारा, ते झोपेत सांगतील. फेरस सल्फेट फवारलं की फरक दिसतो, फक्त फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते मग सहज निघत नाहीत.

पाणी किती, हा खरा प्रश्न, आणि माळ्याचं ‘रोज थोडं थोडं’ हे सगळ्यात वाईट उत्तर आहे. रोज पाच मिनिटं मारलं की वरचा एक इंच भिजतो, मुळं वरच राहतात, मग मे महिन्यात एक दिवस लाइट गेली आणि पंप चालला नाही की संध्याकाळपर्यंत गवत मान टाकतं. किती मिनिटं विचारू नका, किती मिलिमीटर विचारा. नाशकाच्या उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर लागतं. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लिटर. तुमचं 600 चौरस फूट म्हणजे 56 चौरस मीटर, म्हणजे दिवसाचं 280 लिटर, आठवड्याला दोन हजाराच्या आत. तेवढंच पाणी पण दोन-तीन दिवसांचं मिळून एकदम द्या. आठ हेड नीट प्रेशरवर चालले तर मिनिटाला चाळीसेक लिटर टाकतील, म्हणजे 12 मिलिमीटरला सोळा-सतरा मिनिटं. काळी माती असेल तर ती एवढ्या वेगाने पीत नाही, पाणी गटारीकडे पळतं, मग आठ मिनिटं चालवा, अर्धा तास थांबा, परत आठ. उलट चार इंच लाल माती आणि खाली मुरूम असेल तर पाणी टिकत नाही, तिथे उन्हाळ्यात एक दिवसाआड द्यावं लागेल. वेळ पहाटेची, पाच ते सात. रात्री दिलं की पान रात्रभर ओलं राहतं आणि दमट हवेत बुरशीचे गोल डाग येतात. पावसाळ्यात टायमर बंद, पूर्ण बंद. गंगापूर रोडला ऑगस्टमध्ये धो धो पावसात स्प्रिंकलर चालू असलेला बंगला मी बघितलाय आणि मालक छत्री घेऊन बंद करायला वॉल्व्ह शोधत होता.

मुलाचं बरोबर आहे, पण तिथल्यासाठी. तिकडे जमिनीतलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून कॉम्प्रेसरने पाइप रिकामे करतात. आपल्याकडे निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ आली तरी जमिनीखालचा पाइप गोठत नाही. इथे थंडीत एवढंच होतं की कोरियन काय किंवा हरळी काय, गवत वाढायचं थांबतं आणि रंग उतरतो. ते आजारी नाहीये. तेव्हा युरिया मारू नका, पाणी निम्म्यावर आणा. युरिया फेब्रुवारीनंतर, तुमच्या एवढ्या लॉनला अर्धा-पाऊण किलो, कोरड्या पानावर टाकून लगेच पाणी. ओल्या पानावर टाकला तर जळक्या ठिपक्यांची रांगोळी मिळेल.

कॉन्ट्रॅक्ट घ्यायला माझी हरकत नाही, पण ‘महिन्याला चार व्हिजिट’ असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. व्हिजिट म्हणजे येऊन गेटवर चहा पिऊन जाणं पण होतं. कापणी किती वेळा ते महिन्यानुसार लिहून घ्या, पावसाळ्यात आठवड्याला एक, थंडीत पंधरा-वीस दिवसांनी पुरते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही हे पण लिहा. ब्लेड धार लावलेलं पाहिजे, कापल्यावर दुसऱ्या दिवशी शेंडे पांढरे झालेत का बघा, पांढरे म्हणजे कापलं नाही, फाडलंय. खत कुठलं आणि किती ते नावानिशी. आणि दर महिन्याला नोझल काढून खालची जाळी धुणं, बोअरचं पाणी असेल तर क्षार बसतो, रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकलं की निघतो. लव्हाळा (गाठीचं तण) काढायचं कोण हे आत्ताच ठरवा, कारण नंतर तो विषय निघाला की सगळे दुसरीकडे बघतात, आणि तो वरून उपटला की गाठ खाली राहते आणि आठवड्यात परत हजर.

आता पंप बसला आणि हेड सरकवले की एक काम करा. मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्या घ्या, तळ सपाट, कडा सरळ, सगळ्या एका मापाच्या, म्हणून त्याच. चार कोपऱ्यांत, तीन मधल्या पट्ट्यात ठेवा, पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. सगळ्या वाट्यांत 11 मिलिमीटरच्या आसपास असेल तर बिल द्या. एखादीत निम्मंच निघालं तर त्या जागचं नोझल फिरवून घ्या आणि माणूस अंगणात असतानाच परत मोजा. आणि हो, वाट्या नंतर नीट धुवा, आमच्याकडे एकदा हळदीच्या वाटीत गवत निघालं होतं तेव्हापासून मला वेगळा डबा मिळालाय.