पहिला रोल-प्ले घेतेयस? मग पेशंट तूच हो

अगं, मेडिकलच्या ऑनलाइन वर्गात पहिल्याच तासाला मुलांना पेशंट करू नकोस. लाजतात, नाहीतर नाटकी होतात. तू हो. कॅमेरा बंद, फोनवर बोलल्यासारखं: "डॉक्टर, टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी झाली. रक्त जातंय का हो? कालपासून बंदच केल्या." हुशार पोरगं लगेच एन्झाइम इंडक्शन (एका औषधाने यकृतातली एन्झाइम्स वाढून दुसरी औषधं लवकर निकामी होणं) सांगत सुटतं. "घाबरू नका, हा रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग, गोळ्या थांबवू नका" हे साधं वाक्य मात्र सुचत नाही! डोळे पिवळे दिसतात का, मळमळतं का, हे विचारलं तर मार्क दे. गर्भनिरोधक गोळ्यांचं विचारलं तर जास्त दे, त्यांचा परिणाम रिफाम्पिसिनने घटतो.

आणि गट सहाचाच ठेव. मी एकदम साठजण घेतले होते. पेशंटपेक्षा कुणाच्या तरी घरचा कुकरच जास्त बोलला.