कॅफेत आवाज फार घुमतो, काय करता येईल?

दोष बहुधा सध्याच्या फॅशनचाच: उघडं काँक्रीटचं छत, काच, विट्रिफाइड टाइल्स. यातलं काहीच आवाज फारसा शोषत नाही, परत फेकतं. मग एक टेबल मोठ्यानं बोलतं, शेजारचं त्याहून मोठ्यानं.

सुरुवात छतापासून करा. ५० मिमी जाडीचे, कापड चढवलेले रॉकवूलचे (दगड वितळवून काढलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) पॅनेल छताखाली थोडी फट सोडून टांगा. फटीमुळे खर्जातला आवाजही जास्त शोषला जातो. निम्मं छत झाकलं तरी फरक कानाला कळतो. पडदे लावणार असाल तर जाड, भरपूर चुण्यांचे.

भिंतीला अंड्यांचे ट्रे मात्र चिकटवू नका (हा सल्ला कुणीतरी देणारच!). उपयोग नगण्य, आणि आग लागली तर भडकतात. साधा फोमही आगीच्याच कारणासाठी नको.

रस्त्यावरचा गोंगाट आत येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतील.