जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांमधलं हसणं नंतर चिकटवलेलं असतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘यस मिनिस्टर’, ‘फॉल्टी टॉवर्स’ यांसारख्या मालिकांमध्ये मागून येणारं हसणं नकली असतं का, आणि ते नसतं तर या मालिका जास्त चांगल्या वाटल्या असत्या का?

पहिलीचं उत्तर सरळ आहे. या दोन्ही मालिकांत ऐकू येतं ते खऱ्या माणसांचं हसणं आहे आणि ती माणसं चित्रीकरणाच्या वेळी स्टुडिओत बसलेली होती. दुसरीबद्दल माझं मत ठाम आहे. तो हशा काढून टाकला तर या मालिका मोडतील, कारण नटांनी सगळं काम त्या हशाला धरूनच केलेलं आहे.

आधी हे होत कसं असे ते सांगतो. बीबीसीच्या बहुतेक विनोदी मालिका पश्चिम लंडनमधल्या टेलिव्हिजन सेंटरच्या स्टुडिओंमध्ये होत. आठवडाभर दुसऱ्या जागी तालीम चाले आणि मग एका संध्याकाळी अर्ध्या तासाचा एक भाग प्रेक्षकांसमोर उभा राही. तिकीट फुकट असे. दिवाणखाना, ऑफिस, हॉटेलचा स्वागतकक्ष असे सेट एका ओळीत लावलेले, समोर उतरत्या खुर्च्या, मध्ये कॅमेरे. कॅमेरे आड येत म्हणून वर टांगलेल्या पडद्यांवरही दृश्य दाखवत. प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक लटकत असत. सुरुवातीला आणि सेट बदलताना एक विनोदवीर गप्पा मारून लोकांना खुलवत ठेवी. त्याला वॉर्म-अप म्हणत.

बाहेरची दृश्यं आधीच चित्रित झालेली असत. ‘डॅड्स आर्मी’ (१९६८ ते ७७) मधले होमगार्ड शेतात, रस्त्यावर धावाधाव करतात ते भाग नॉरफकमधल्या थेटफर्डच्या आसपास घेतलेले आहेत. ते स्टुडिओतल्या प्रेक्षकांना पडद्यावर दाखवत आणि तेव्हाचं हसणं टिपून घेत. म्हणून मोकळ्या रानातल्या प्रसंगावरही तुम्हाला हशा ऐकू येतो. मला हा सांधा कधीकधी जाणवतो. ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ पुढे पुढे बहुतेक बाहेरच चित्रित होऊ लागली आणि तयार भाग प्रेक्षकांना दाखवून हशा घेतला जाई. यॉर्कशरच्या डोंगरउतारावर तीन म्हातारे चाललेत आणि मागे बंदिस्त दालनातलं हसणं, हे माझ्या कानाला जुळत नाही. तिथे तुमची तक्रार मला पटते. पण तिथेही हसणारी माणसं खरीच आहेत.

नकली हशाची ख्याती आली ती मुख्यतः अमेरिकेतून. चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात एक यंत्र बनवलं. आत वेगवेगळ्या हसण्याच्या टेप, बाहेर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. खुदकन हसणं हवं तर ही कळ, गडगडाट हवा तर ती. तिथल्या असंख्य मालिकांना हे हसणं लावलं गेलं. ‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची मालिका अमेरिकेत अशाच चिकटवलेल्या हशासह दिसे, फक्त शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो नसे. बीबीसीने तीच मालिका ब्रिटनमध्ये हशाविना दाखवली आणि तिथल्या प्रेक्षकांच्या मनात ती तशीच बसली. ब्रिटिश मालिकांत फेरफार अजिबात होत नसत असं मी म्हणणार नाही. एखादं वाक्य दुसऱ्यांदा घेतलं तर लोक दुसऱ्यांदा तितके हसत नाहीत, मग पहिल्या वेळचा हशा दुसऱ्या टेकला जोडतात. पण ही डागडुजी झाली. खोटं हसणं पेरणं ही वेगळी गोष्ट.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाची बाब. मी हौशी नाटकांत कामं केली आहेत, त्यामुळे हे जरा पोटतिडकीने लिहितोय. हशा पिकला की नट थांबतो. तो ओसरत आला की पुढचं वाक्य टाकतो. फार लवकर टाकलं तर वाक्य हशात बुडतं, फार उशिरा टाकलं तर प्रयोग पडतो. तालमीत हे ठरवता येत नाही, ते त्या दिवशी समोर बसलेले लोक ठरवतात. ‘यस मिनिस्टर’मध्ये मंत्री झालेले पॉल एडिंग्टन आणि त्याचा सचिव सर हम्फ्री झालेले नायजेल हॉथॉर्न दोघेही रंगभूमीवर मुरलेले नट होते. सर हम्फ्री एका दमात ते लांबलचक, सरकारी भाषेत गुंतवलेलं वाक्य म्हणतो आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतात. त्या वेळी मंत्र्याचा चेहरा पाहा. एडिंग्टन नुसता थांबत नाही, त्या टाळ्यांच्या काळात तो न समजल्याचा अभिनय वाढवत नेतो. हशा काढलात तर त्या जागी एक माणूस विनाकारण गप्प बसलेला दिसेल. आंतरजालावर हशा पुसलेल्या मालिकांचे तुकडे फिरतात आणि त्यांवरून मूळ विनोद वाईट होता असं सिद्ध केल्याचा आव आणला जातो. मला हा अन्याय वाटतो. तबला पुसून गाणं ऐकवायचं आणि गायकाला नावं ठेवायची, असं आहे ते.

‘यस मिनिस्टर’च्या बाबतीत तर प्रेक्षकांचं आणखी एक काम होतं. लेखकद्वयीपैकी जोनाथन लिन यांना स्टुडिओत प्रेक्षक हवेच होते. सरकारवरच्या विनोदाला लोक खळखळून हसताहेत हे ऐकू आलं की राजकीय दबावाखाली कार्यक्रमाला आक्षेप घेणं अवघड जातं, असा त्यांचा हिशेब होता.

प्रेक्षक खरे असले की ते लेखकाचं ऐकत नाहीत, हेही आलंच. ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या १९६०च्या दशकातल्या मालिकेत लेखक जॉनी स्पाइट यांनी आल्फ गार्नेट हा वर्णद्वेष्टा, तोंडाळ माणूस उभा केला तो त्याच्यासारख्यांना उघडं पाडायला. वॉरन मिचेल यांनी तो जीव तोडून केला. पण बरेच लोक आल्फला न हसता आल्फच्या बाजूने हसत होते. स्टुडिओतला हशा दोन्ही प्रकारांत सारखाच ऐकू येतो. ते भाग पाहताना मी अस्वस्थ होतो, आणि ते हसणं पुसून टाकू नये असंच मला वाटतं, कारण त्या काळच्या समाजाचा तो पुरावा आहे.

उलट बाजूला लेखिका-अभिनेत्री व्हिक्टोरिया वुड. ‘डिनरलेडीज’ (१९९८ ते २०००) चा प्रत्येक भाग त्या लागोपाठच्या दोन संध्याकाळी, दोन वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर करत. पहिल्या दिवशी जे पडलं ते दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी पुन्हा. हसणाऱ्यांचा याहून मोठा मान कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही.

हशा नसलेल्या चांगल्या मालिकाही ब्रिटनमध्ये झाल्या, आणि त्यांनी तो सोडला त्याला कारण होतं. १९९८ची ‘द रॉयल फॅमिली’ म्हणजे टीव्हीसमोर बसलेलं एक कुटुंब. तिथे घरातली शांतताच विनोदाचा भाग आहे. २००१ची ‘द ऑफिस’ माहितीपटाचं सोंग घेते, तिथे प्रेक्षक हसले तर सोंग फाटेल. त्यांचे नट हशासाठी थांबतच नाहीत. त्यामुळे नवं ते शहाणं आणि जुनं ते बाळबोध, ही विभागणी मला मान्य नाही. ‘ब्लॅकॅडर’चं पाहा. १९८३च्या पहिल्या पर्वाचं पुष्कळ चित्रीकरण बाहेर झालं, हशा नंतर तयार भाग दाखवून घेतला. १९८६च्या दुसऱ्या पर्वापासून काम स्टुडिओत प्रेक्षकांसमोर आलं आणि रोवन ॲटकिन्सनच्या शब्दांना धार चढली. माझ्या मते खरी ‘ब्लॅकॅडर’ तिथूनच सुरू होते.

स्वतः तपासायचं असेल तर ‘फॉल्टी टॉवर्स’च्या १९७५च्या पहिल्या पर्वातले ‘द बिल्डर्स’ आणि ‘द जर्मन्स’ हे दोन भाग हेडफोन लावून लागोपाठ पाहा. ‘द बिल्डर्स’च्या दिवशी आइसलँडच्या प्रसारण संस्थेतले बरेच पाहुणे प्रेक्षकांत बसले होते आणि ते जवळजवळ हसलेच नाहीत, अशी आठवण या मालिकेचे नायक आणि सहलेखक जॉन क्लीज यांनी सांगितली आहे. आपल्याकडे ‘आजचा प्रेक्षक थंड होता’ म्हणतात, तसा तो दिवस. हशा यंत्रातून येत असता तर त्या भागाला तो भरभरून लावता आला असता. दोन्ही भागांत क्लीज किती थांबतात, कुठे रेटत पुढे जातात, तिकडे कान ठेवा आणि काय जाणवलं ते खाली लिहा.